आज आवतन घ्या: काटोल तालुक्यातल्या पोळ्याचे चार दिवस

माझी मैत्रीण गेली अकरा वर्षं पुण्यात राहते, पण श्रावण सरत आला की तिचं कामातलं लक्ष उडतं. गणपतीला ती पुण्यात थांबेल, एखादी दिवाळीही थांबेल, पण पोळ्याला नाही. यंदा मी तिच्याबरोबर गेले. गाव नागपूर जिल्ह्याच्या काटोल तालुक्यातलं, काटोलपासून दहा-बारा किलोमीटर आत, सव्वाशे उंबऱ्यांचं. गावाचं नाव लिहीत नाही. तिच्या थोरल्या काकूंनी (तिकडे मोठी आई म्हणतात, मीही तेच म्हणू लागले) निघताना सांगितलं, "बरं-वाईट सगळं लिहजो माय, पण गावाचं नाव नको टाकू." मी हो म्हटलंय.

पहिला दिवस: खांदेमळणी

सकाळी नागपूरला उतरलो. स्टेशनबाहेर उभ्या उभ्या तर्री-पोहे खाल्ले. चण्याची लालभडक तर्री पोह्यांवर अशी ओततात की पोहे दिसेनासे होतात. मैत्रिणीचा चुलतभाऊ गाडी घेऊन आला होता. काटोल तिथून साठेक किलोमीटर.

शहर मागे पडल्यावर थोड्याच वेळात काटोल रोडलगत जुनापाणीचं माळरान लागतं. गाडी तिथे थांबवायचा आग्रह माझा होता. माळावर काळ्या दगडांची मोठमोठी वर्तुळं आहेत, सगळी मिळून सुमारे तीनशे. ही लोहयुगातली दफनं, अडीच हजार वर्षांहून जुनी. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने इथे पहिल्यांदा खोदून पाहिलं. काही दगडांवर ओळीने कोरलेले वाटीसारखे खळगे आहेत, पावसाने ते भरले होते. जवळच्याच माहुरझरीला माणसाबरोबर पुरलेले घोडे सापडले, तांब्याच्या साजासकट. रंगीत दगडांचे मणीही तिथे घडवले जात. तिकडे पारशिवनी तालुक्यात नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली. म्हणजे या काळ्या जमिनीत लोखंडाची अवजारं आणि पाळीव जनावरं घेऊन माणूस केव्हाचा वस्तीला आहे.

चुलतभाऊ एका वर्तुळाशी उभा राहून म्हणाला, "आमच्या वावरातबी असे गोटे निघतात ना. आमी धुऱ्यावर लावतो." धुरा म्हणजे बांध. पुढचे तीन दिवस मी प्रत्येक धुऱ्याकडे बघत राहिले.

जुनापाणीला जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. तिथे सावली नाही, टपरी नाही, पाणी सोबत न्या. पावसात दगड निसरडे होतात. जागा संरक्षित आहे, दगड हलवू नका, त्यांवर बसू नका.

काटोल सोडलं आणि झड लागली. झड म्हणजे सर नव्हे. आभाळ एकरंगी होतं आणि पाऊस एकाच सुरात तासन् तास पडत राहतो. गावाच्या अलीकडे नाल्यावर रपटा (ठेंगणा पूल) आहे, त्यावरून कमरेएवढं पाणी चाललं होतं. अलीकडच्या काठावर चार मोटारसायकली, एक ऑटो आणि आमची गाडी. दोन तास थांबलो. माहेरी निघालेली एक बाई मुलासाठी चाकाचा लाकडी बैल घेऊन चालली होती. तो ओला होऊ नये म्हणून तिने स्वतःच्या डोक्यावरची पिशवी काढून त्याला घातली होती. एका काकांच्या पिशवीत काटोलच्या बाजारातून आणलेल्या नव्या वेसणी, कासरे, शिंगांना लावायची बेगड आणि दोन मठाट्या (बैलाच्या कपाळावरचा साज) होत्या. ते एकेक काढून सगळ्यांना दाखवत होते. कोणीतरी भाजलेल्या शेंगा काढल्या. मी दोनदा विचारलं, जाता येईल का. काका म्हणाले, "पानी उतरते जी. घाई नाई करायची. वर्षभर गेलो नाई तर दोन घंट्यानं काय होते?" पाणी उतरलं. पलीकडे गेल्यावर त्यांनी आमच्या गाडीतून पुढे येणं नाकारलं. त्यांचं वावर वाटेत होतं, कुंपण पाहायचं होतं.

घर जुनं. सागवानी खांबांची ओसरी, मागे मोठं आवार, आवाराच्या टोकाला कोठा, म्हणजे गोठा. एकेकाळी कोठ्यात चार जोड्या होत्या, आता एक. मोठे बाबा, म्हणजे मैत्रिणीचे थोरले काका, दारातच उभे होते. "या जी, लय भिजले तुमी." एवढं बोलून ते पुन्हा बैलांकडे गेले, कारण दिवस मावळायच्या आत त्यांची आंघोळ व्हायला हवी होती. एरवी नाल्यावर नेतात, आज नाल्याला पूर, म्हणून आवारातच बोअरच्या पाण्याने झाली.

मग खांदेमळणी. वर्षभर जू ओढून बैलाच्या मानेवर, खांद्याशी कातडं राठ होतं. तिथे आधी कोमट पाण्याने शेकतात आणि नंतर तूप-हळद चोळतात. चोळायला पळसाचं पान. मोठ्या बाबांनी डाव्या बैलाचा खांदा चोळायला घेतला. त्यांचा हात फार सावकाश फिरत होता. राठ भागावर आला की थांबायचा आणि पुन्हा फिरायचा. बैलाने मान खाली सोडली होती. झाल्यावर मोठे बाबा त्याच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." उजव्या बैलालाही तेच. घरातली सगळी मुलं रांगेत उभी राहून हे ऐकत होती, कोणी आवाज करत नव्हतं. ज्याने वर्षभर घर पोसलं त्याला रीतसर जेवणाचं आमंत्रण द्यायचं, तेही आदल्या दिवशी. हे शब्द मी मैत्रिणीकडून अनेकदा ऐकले होते, तरी त्या अंधारत्या कोठ्यात ऐकताना माझे डोळे भरून आले.

रात्री जेवायला अंबाडीची आंबट भाजी, काटवलाची (कर्टुल्याची) परतलेली भाजी, ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी. काटवलं मोठ्या आईने त्याच सकाळी कुंपणावरून तोडली होती.

दुसरा दिवस: आबाजींची पेटी, बागीचा आणि पोळा

मैत्रिणीचे आजोबा, आबाजी, श्याऐंशी वर्षांचे. ऐकू कमी येतं, बाकी सगळं लख्ख. मी गावाबद्दल विचारते आहे हे कळल्यावर त्यांनी खाटेखालची पत्र्याची पेटी ओढायला सांगितली. ते बरीच वर्षं ग्रामपंचायतीत सदस्य होते, तेव्हाचे कागद त्यांनी फडक्यात बांधून ठेवले आहेत.

"मी हे घर न सोडता चार राज्यांत राहिलो," आबाजींनी सुरुवातच अशी केली. जन्म मध्य प्रांत आणि वऱ्हाडातला. मग तेच मध्य प्रदेश झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात गेलं आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलं. पण त्यांच्या मते गावाला या सगळ्यापेक्षा मोठी तारीख एकच, ३१ मार्च १९५१. त्या दिवशी मालगुजारी गेली.

पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं, कारण मलाही हे नीट माहीत नव्हतं. आपल्याकडे रयतवारी, शेतकरी थेट सरकारला सारा भरणार. इकडे तसं नव्हतं. भोसल्यांच्या काळात गावाचा वसूल पाटलाकडून यायचा. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं आणि १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात असा वसूल देणाऱ्यांना गावाची मालकीच देऊन टाकली. तो मालगुजार. गावाची मालकी आण्यांत मोजायची. कोणी सोळा आणे मालगुजार, कोणी आठ आणे, कोणी चार. त्याची घरची जमीन ती सीर, बाकीचे कुळं. पडीक, तलाव, झाडं, गावठाणसुद्धा मालगुजाराच्या नावे. आबाजींचे वडील कूळ होते. १९५१ ला आबाजी बारा वर्षांचे. "त्या साली पहिल्यांदा आमच्या वावरातलं धान्य वाड्यासमोर न थांबता घरी आलं," ते म्हणाले. बंडीच्या (बैलगाडीच्या) मागे ते पळत आले होते, हेही त्यांना आठवतं.

पण मालक कोणीही असला तरी गावाला लागणाऱ्या गोष्टी असतात. ढोरं चारायची कुठे, सरपण आणायचं कुठून, घर सारवायला माती कुठली, मुरूम कुठला, मळणीला खळं कुठे, मेलेलं जनावर टाकायचं कुठे, माणूस जाळायचा-पुरायचा कुठे. या हक्कांना इकडे निस्तार म्हणतात. शब्द जुना, आणि आजही जमीन महसूल संहितेत तो आहे. १९६६ च्या संहितेच्या कलम १६१ मध्ये निस्तार पत्रक आणि १६५ मध्ये वाजिब-उल-अर्ज. पहिल्यात चराई, सरपण, वाळू-माती-दगड सरकारी जमिनीतून कसे घ्यायचे ते. दुसऱ्यात वाट, पाणी, मासेमारी असे सरकारी नसलेल्या जागेतले वहिवाटीचे हक्क.

आबाजींनी आपल्या गावाच्या नकलेची घडी उलगडली. कागद कडांना विरलेला. एकेक ओळ त्यांनी बोट ठेवून वाचली आणि प्रत्येक ओळीला आज ती जागा कुठे आहे ते सांगितलं. गुरचरण अर्धं उरलं आहे, बाकीच्यात अतिक्रमणं. खळवाडीवर आता समाजमंदिर, कारण मळणी यंत्र वावरातच येतं. एक पांधण (गाडीवाट) दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी नांगरत नांगरत पायवाटेएवढी केली. आखर मात्र शाबूत. आखर म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा, जिथे सकाळी सगळ्या घरची ढोरं चरायला जाण्याआधी जमतात. "आखर कोनी नाई घेतलं," आबाजी म्हणाले. "कावून नाई घेतलं? तिथी पोळा भरते."

गाव म्हणजे घरांची संख्या, असं मी धरून चालले होते. त्या कागदाने मला सांगितलं की गाव म्हणजे घरांच्या मधली जागा.

न्याहारीनंतर बागीचा. इकडे मळ्याला किंवा फळबागेला बागीचाच म्हणतात. वाटेत मोठे बाबा पायाखालची माती दाखवत होते. जुन्या बंदोबस्तापासून नागपूरकडे मातीची नावं ठरलेली आहेत, काळी, मोरंड, खरडी, बरडी. काळी खोल आणि चिवट. मोरंड तिच्याहून हलकी, चुनखडीचे खडे असलेली. खरडी उथळ, आणि बरडी टेकाडावरची मुरमाड. संत्र्याला पाणी मुरून निघून जाणारी जमीन लागते, साठवून ठेवणारी नको.

संत्रं इथलं मूळचं नव्हे. रघुजीराजे भोसल्यांनी औरंगाबादहून कलमं आणवली असं सांगतात. आता त्याला नागपुरी संत्रं म्हणून २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि नागपुरात केंद्र सरकारची लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्थाही. झाड मात्र दोन झाडांचं असतं. खाली जंबेरीचा खुंट, वर संत्र्याचा डोळा बांधलेला. बहार दोन. थंडी सरताना फुलतो तो आंबिया, पावसाच्या तोंडावर फुलतो तो मृग. झाडाचं पाणी तोडून त्याला ताण द्यायचा आणि मग पाणी दिलं की ते फुलतं. मोठे बाबा म्हणाले, "उपाशी ठेवल्याबिगर फुलत नाई. पण किती उपाशी, हे झाडाच्या पानाले पाहून समजते."

आंबियाची फळं हिरवीगार लटकली होती आणि झाडाखाली चिखलात तशीच हिरवी फळं पडलेली. सतत झड लागली की ही गळ होते. मोठे बाबा खाली वाकून फळं उचलत होते, एका ठिकाणी गोळा करत होते. सडकी फळं झाडाखाली ठेवली की रोग वाढतो. तासाभरात दोन टोपल्या भरल्या. बुंध्यांना बोर्डो मलमाचा निळा पट्टा होता, डिंक्या रोगासाठी. दोन झाडांना पट्ट्याच्या वरून डिंक ओघळत होता. त्या झाडांशी ते जरा जास्त वेळ उभे राहिले. मी काही विचारलं नाही.

इथे एक सूचना. पावसाळ्यात या मातीत साध्या बुटांचा उपयोग नाही, चार पावलांत प्रत्येक पायाला किलोभर माती लागते. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट काटोलच्या बाजारात मिळतात, तेच घ्या. बागेत फळाला विचारल्याशिवाय हात लावू नका, पडलेलंही उचलू नका.

दुपारी पाऊस उघडला आणि सगळं गाव एकदम बाहेर आलं. बैलांच्या अंगावर गेरूचे ठसे, शिंगांना रंग आणि बेगड, पाठीवर झूल, कपाळावर मठाटी, गळ्यात घुंगरांच्या माळा. रपट्यावरच्या काकांनी दाखवलेल्या मठाट्या मला लांबूनच ओळखू आल्या. चारच्या सुमाराला डफडं वाजू लागलं आणि जोड्या आखरावर रांगेत उभ्या राहिल्या. आंब्याच्या पानांचं तोरण आखराच्या तोंडाशी बांधलेलं. मानाच्या जोडीच्या शिंगांवर मखर.

मग झडत्या. कोणीतरी पुढे येऊन मोठ्या आवाजात चार-सहा ओळी म्हणतो आणि शेवटी "एक नमन गौरा पार्बती, हर बोला हर हर महादेव!" यावर सगळं आखर गर्जतं. ओळी देवाच्या असतात, शेतीच्या असतात, एकमेकांना चिमटे काढणाऱ्या असतात. एका तरुणाने सोयाबीनच्या भावावर झडती म्हटली. दुसऱ्याने रोह्यांवर (नीलगाईंवर) आणि रानडुकरांवर. एका आजोबांनी पार्वतीच्या संसाराची म्हटली तेव्हा पोरं गप्प झाली, कारण त्यांचा आवाज मध्येच थांबत होता आणि सगळे पुढच्या ओळीची वाट बघत होते.

मी जोड्या मोजल्या. अठरा. आबाजींच्या लहानपणी रांग आखरावरून वेशीपर्यंत यायची. ट्रॅक्टर आला हे एक कारण, पण मोठ्या बाबांनी त्याआधीचं सांगितलं. पूर्वी वावरात ज्वारी असायची. दाणा माणसाला, कडबा बैलाला. सोयाबीन आलं तशी ज्वारी मागे हटली, आणि सोयाबीनच्या कुटाराला (भुशाला) कडब्याची सर नाही. जे थोडी ज्वारी पेरत राहिले त्यांचं कणीस रानडुकरांनी आणि रोह्यांनी ठेवलं नाही. चारा विकत घ्यावा लागला की बैल परवडत नाही. आदल्या रात्री आम्ही खाल्लेली भाकर बाजारातल्या ज्वारीची होती, हे तेव्हा कळलं.

तोरण तुटलं आणि सगळ्या जोड्या एकदम सुटल्या. आधी मारोतीच्या देवळाला, मग घरोघर. दारात मोठ्या आईने बैलांचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणाची पोळी भरवली. आवतन दिलं होतं, पाहुणे जेवायला आले. बैल घेऊन येणाऱ्याच्या हातावर बोजारा ठेवायचा असतो. पोळ्याला जाणार असाल तर दहा-वीसच्या नोटा आणि नाणी भरपूर ठेवा, आणि बोजारा दोन्ही हातांनी द्या.

रात्री पुरणपोळी, वडे, भजी, कढी. जेवताना मोठी आई म्हणाली की आता बैल आहेत तोवर पोळा. मोठे बाबा म्हणाले, बैल नसलेल्या घरचेही आज आखरावर होतेच की. ते खरं होतं. अठरा जोड्यांभोवती सारं गाव उभं होतं.

तिसरा दिवस: मारबत आणि तान्हा पोळा

पहाटे आरोळ्यांनी जाग आली. पोळ्याला दारात पळसाच्या फांद्या, मेढे, लावलेले असतात. ते काढून पोरं गावाबाहेर घेऊन जातात आणि ओरडतात, "इडा, पिडा, रोगराई, घेऊन जाय गे मारबत!" खोकला, ताप, डास, माव्यापासून बोंडअळीपर्यंत ज्याला जे आठवेल ते मारबतीबरोबर पाठवायचं. नागपूर शहरात याच दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांच्या, प्रचंड मिरवणुका निघतात, सव्वाशेहून जास्त वर्षांच्या. इथे सतरा-अठरा पोरं आणि हातात पळस. ती गावाबाहेरच्या तिठ्यावर गेली, मेढे टाकले आणि मागे न बघता परतली.

हा दिवस करीचा. घरोघरी मटण शिजतं, आणि दुपारनंतर काही ठिकाणी दारूही असते. अनोळखी माणसाने त्या दुपारी रस्त्यावर न फिरता घरीच थांबावं, असं मोठ्या आईचं सांगणं होतं. मी ते पाळलं, तुम्हीही पाळा.

संध्याकाळी तान्हा पोळा. लहान मुलांचे चाकांवरचे लाकडी बैल, झुली-माळांसकट, त्याच आखरावर. भोसल्यांच्या काळात मुलांसाठी ही प्रथा सुरू झाली असं सांगतात. रपट्यावर भेटलेल्या बाईचा मुलगा तिथे होता. बैलाला त्याने स्वतः गेरू लावला होता, आणि स्वतःलाही. पाच वर्षांच्या त्या मुलाने आदल्या दिवशी ऐकलेल्या झडतीची एकच ओळ पाठ केली होती. ती त्याने तीनदा म्हटली. तिन्ही वेळा सगळ्यांनी तितक्याच जोराने महादेवाचा गजर केला.

तिथून मी मैत्रिणीबरोबर बुद्धविहाराकडे गेले. गावाच्या पूर्वेला पंचवीस-तीस घरं, दारांवर पंचशील ध्वज. विहारात वर्षावासाचं (पावसाळ्यातल्या तीन महिन्यांचं) वाचन चालू होतं. वाचन संपल्यावर पायरीवर बसलेल्या एका आजींनी आम्हाला जवळ बोलावलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला, धम्मदीक्षेच्या दिवशी, त्या सात-आठ वर्षांच्या होत्या. वडिलांच्या खांद्यावर बसून काटोल स्टेशनला गेल्या आणि गच्च भरलेल्या गाडीने नागपूरला. बाबासाहेब त्यांना दिसले नाहीत, एवढी गर्दी. पांढरे कपडे मात्र आठवतात, "कापसाच्या वावरावानी." परत आल्यावर वडिलांनी मेलेली ढोरं ओढणं बंद केलं. गावाने बरेच महिने बोलणं टाकलं.

मी आबाजींच्या कागदाबद्दल सांगितलं. त्यात गावाच्या दोन विहिरी एकाच ओळीत आहेत, दोन्ही सार्वजनिक. आजी म्हणाल्या, "कागदात असन. आमाले त्या मोठ्या विहिरीचं पानी मी दोन लेकरांची माय झाल्यावर भेटलं." मग थोडं थांबून, "आता नळ आहे. पण मी कधी कधी मुद्दाम त्या विहिरीवर जाऊन बसते."

हे घरी सांगितलं तेव्हा आबाजी बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "खरं आहे. आमी पाह्यलं अन् गप्प राह्यलो." निस्तारचा कागद पाहून मला आदल्या सकाळी जो आनंद झाला होता, त्यात ही ओळ घालूनच तो कागद वाचायला हवा.

रात्री मारोतीच्या देवळात सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरीवरची भजनं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ही रीत विदर्भाच्या गावोगावी रुजवली. अजूनही इथे रोज संध्याकाळी दहा-पंधरा माणसं जमतात, पोळ्याला जास्त.

चौथा दिवस: रीठ

निघायच्या दिवशी सकाळी ऊन पडलं. आबाजी म्हणाले, "रीठ पाह्यलं नाई ना तुमी?" आणि काठी घेऊन स्वतः निघाले. सोबत गावचा ढोरकी, पन्नाशीतला, गोवारी समाजाचा. गावातल्या उरलेल्या पाऊणशे ढोरांना तोच चारतो. दर ढोरामागे महिन्याचे पैसे आणि सणाला धान्य, असा त्याचा ठराव. ढोरं पुढे, आम्ही मागे. वाटेत त्याने सांगितलं की २३ नोव्हेंबर १९९४ च्या नागपूरच्या मोर्चात तो होता. गोवारींना अनुसूचित जमातीत घ्या ही मागणी होती, चेंगराचेंगरीत ११४ माणसं मेली, त्यांत बाया-पोरं जास्त. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्या शहीदांचं नाव आहे. येताना मी त्याच पुलाखालून आले होते, आणि पाटीकडे पाहिलंही नव्हतं.

रीठ म्हणजे उठून गेलेलं गाव. महसुलाच्या कागदात त्याला बेचिराग म्हणतात, जिथे दिवा लागत नाही असं. नागपूर जिल्ह्यात अशी नावं सातबारावर पुष्कळ भेटतात. हद्द आहे, नकाशा आहे, शेतं पिकतात, पण राहतं कोणी नाही. हे गाव आबाजींच्या आज्याच्या वेळी १८९९-१९०० च्या दुष्काळात अर्धं झालं. १९१८ ची मानमोडी (इन्फ्लुएंझाची साथ) आली, तेव्हा उरलेलं उठलं. आता तिथे चार चिंचा, बुजलेली विहीर, एक जातं आणि उघड्यावरचा मारोती आहे.

मारोतीला ताजा शेंदूर होता. समोर पुरणपोळीचा तुकडा, त्याला मुंग्या लागलेल्या. मी ढोरक्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "पोळ्याच्या दिवशी पैला निवद इथी येते. आमच्या आज्यापासून."

मला आदल्या पहाटेचे मेढे आठवले. तिठा इथून हाकेवर होता, पण फांद्या सगळ्या पलीकडच्या बाजूला पडल्या होत्या, रिठाच्या हद्दीत एकही नाही. मी आबाजींच्या कानाशी जाऊन विचारलं, इथे तर कोणी राहत नाही, मग इडापिडा इकडे का टाकत नाहीत?

"कावून बाप्पा?" त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. "हे बी गावच आहे ना."

ते चिंचेखाली बसले आणि इथल्या घरांची नावं सांगू लागले, काठीने जागा दाखवत. हे अमक्याचं, ते आता नरखेडकडे आहेत. हे कुंभाराचं, त्यांचा पणतू काटोलला दुकान चालवते. इथी लोहाराचा भाता होता. ढोरं जात्याच्या आजूबाजूला चरत होती. अकराव्या घराला ते आले तेव्हा रस्त्यावरून बसचा हॉर्न ऐकू आला. मैत्रीण उठली. मी तिला म्हटलं, पुढच्या बसने जाऊ.